कितीपैकी किती?

गेल्या दिवाळीत सुट्टी काढून इंदूरला घरी गेलो होतो. वसुबारसेच्या संध्याकाळी ताई लेकीला घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "तू इंजिनियर आहेस ना? मग हिला जरा प्रोबॅबिलिटी शिकव. प्री-बोर्ड तोंडावर आली आहे आणि ही म्हणते, तो धडा सोडूनच देते."

भाची बारावीला आहे. एनसीईआरटीच्या गणिताच्या पुस्तकातला तेरावा, म्हणजे अगदी शेवटचा धडा प्रोबॅबिलिटीचा. शेवटचा म्हणून शाळेत घाईघाईने उरकलेला आणि मुलांनी मनातून आधीच सोडून दिलेला. आपल्या मराठी पुस्तकांत याला 'संभाव्यता' म्हणतात, इथल्या हिंदी माध्यमाच्या मुलांच्या पुस्तकात तीच 'प्रायिकता' होते आणि घरात आपण सरळ 'चान्स' म्हणतो. नाव कुठलंही घ्या, मुलं घाबरतात ती घाबरतातच.

खरं सांगायचं तर मीही याला अपवाद नव्हतो. बी.ई.ला सूत्रं पाठ करून हा विषय पास झालो आणि परीक्षा संपली तशी सूत्रंही विसरलो. पण मामाने नाही म्हणायचं कसं? मी म्हटलं, "बैस. नेमकं काय अडतंय ते सांग."

तिचं उत्तर मला फार आवडलं. ती म्हणाली, "मामा, इंटिग्रेशन चुकलं की मला कळतं, कारण ते पुढे अडतं. इथे काहीच अडत नाही. चुकीचं उत्तरसुद्धा बरोबरच वाटतं."

या विषयाची गोम तिने एका वाक्यात सांगितली होती. आणि ही तक्रार एकट्या तिची नाही. १७५४ साली फ्रान्सच्या दालांबेर या मोठ्या गणितज्ञाने विश्वकोशात लिहिलं, की नाणं दोनदा उडवलं तर एकदा तरी छापा पडण्याची संभाव्यता दोन तृतीयांश आहे. त्याचा विचार असा: पहिल्यांदाच छापा पडला तर खेळ संपला, नाहीतर काटा-छापा किंवा काटा-काटा. शक्यता तीन, त्यातल्या दोन आपल्या बाजूच्या. ऐकायला अगदी पटतं. पण या तीन शक्यता सारख्या वजनाच्या नाहीत. पहिल्यांदा छापा पडणं हे बाकीच्या प्रत्येक शक्यतेच्या दुप्पट वेळा घडतं. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा अशा चारही जोड्या मांडल्या की उत्तर तीन चतुर्थांश येतं. दालांबेर चुकू शकतो, तर बारावीतल्या मुलीने रडायचं कशाला?

लाडवांचा डबा

पुस्तकात पिशवी असते आणि पिशवीत लाल-निळे चेंडू असतात. आमच्यासमोर फराळ होता, म्हणून मी लाडवांचा डबा पुढे ओढला. डब्यात पाच बेसनाचे आणि तीन रव्याचे लाडू. न बघता दोन काढले तर दोन्ही बेसनाचे निघण्याची संभाव्यता किती?

तिने लगेच लिहिलं: ५/८ गुणिले ५/८.

मी पहिला लाडू काढून खाल्ला आणि विचारलं, "आता डब्यात किती उरले?"

"सात."

"आणि बेसनाचे?"

"चार." मग स्वतःशीच हसली आणि दुसरा अपूर्णांक खोडून ४/७ केला. उत्तर २०/५६, म्हणजे ५/१४.

पुस्तकात 'विथ रिप्लेसमेंट' आणि 'विदाउट रिप्लेसमेंट' असे शब्द येतात, ते एवढ्याचसाठी. काढलेला चेंडू परत ठेवला तर पुढच्या वेळी पहिल्यासारखीच परिस्थिती असते. लाडू मात्र कोणी परत ठेवत नाही. म्हणून प्रत्येक पायरीला नव्याने विचारायचं: आता कितीपैकी किती?

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज आला, "लाडू मोजायला काढलेत की संपवायला?" आत्या बँकेतून रिटायर झालेली, हिशेबाला पक्की. चकल्या तळता तळता तिचं सगळं लक्ष आमच्याकडे होतं.

'किमान एक' आणि 'धाकटी'

दुसरं गणित भाचीच्याच पुस्तकातलं. एका कुटुंबात दोन अपत्यं आहेत. मुलगा किंवा मुलगी होण्याची शक्यता सारखीच धरायची. (१) धाकटी मुलगी आहे, (२) किमान एक मुलगी आहे. दोन्ही मुली असण्याची संभाव्यता प्रत्येक वेळी किती?

ती म्हणाली, "दोन्हीचं उत्तर अर्धंच ना? एक मुलगी आहे हे तर दोन्हीकडे सांगितलंय."

मी म्हटलं, "सूत्र राहू दे. आधी सगळी घरं लिही." थोरलं-धाकटं अशा क्रमाने तिने चार घरं लिहिली: मुलगी-मुलगी, मुलगी-मुलगा, मुलगा-मुलगी, मुलगा-मुलगा.

धाकटी मुलगी आहे असं कळलं की पहिलं आणि तिसरं अशी दोनच घरं उरतात. त्यांपैकी एका घरात दोन्ही मुली, म्हणून उत्तर १/२. पण 'किमान एक मुलगी' एवढंच कळलं तर फक्त शेवटचं घर बाद होतं. तीन घरं उरतात आणि त्यांपैकी एकातच दोन्ही मुली आहेत. उत्तर १/३.

वाक्यातला एक शब्द बदलला आणि छेद दोनाचा तीन झाला. कंडिशनल प्रोबॅबिलिटीचं भलंमोठं सूत्र एवढंच तर सांगतं. मिळालेल्या माहितीने कोणती घरं बाद झाली ते बघा आणि उरलेल्यांतच मोजा. मुलं वरचा अंश शोधत बसतात, पण चूक बहुतेक वेळा खालच्या छेदात असते.

ल्युडो आणि 'आता तरी सहा'

धनत्रयोदशीच्या दुपारी ल्युडोचा डाव रंगला. भाचीला काही केल्या सहा पडेना. सातव्या-आठव्या वेळी ती वैतागून म्हणाली, "आता तरी सहा पडायलाच हवा!"

फाशाला मागचं काही आठवत नाही. आठ वेळा सहा पडला नसेल तरी नवव्या वेळी शक्यता एक षष्ठांशच. हे तिला पटलं, पण लगेच पुढचा प्रश्न आला: "मग चार वेळा टाकला तर एकदा तरी सहा पडण्याचा चान्स किती? चार षष्ठांश?"

तसं असतं तर सहा वेळा टाकल्यावर सहा पडायलाच हवा होता आणि सात वेळा टाकल्यावर शक्यता एकाच्या वर गेली असती. उत्तर एकाच्या वर गेलं की कुठेतरी चूक आहे हे नक्की. 'किमान एकदा' किंवा 'एकदा तरी' असे शब्द दिसले की उलट्या बाजूने जावं: एकदाही न पडण्याची शक्यता काढायची आणि ती एकातून वजा करायची. चारही वेळा सहा न पडण्याची शक्यता ५/६ चार वेळा गुणून येते, म्हणजे ६२५/१२९६. एकातून वजा करा: ६७१/१२९६, साधारण ५२ टक्के.

गंमत म्हणजे हा शास्त्राचा जन्म ज्या काळात झाला त्या काळातला प्रश्न आहे. सतराव्या शतकात फ्रान्समधले जुगारी असल्याच पैजा लावायचे. चार वेळांत एक सहा पडेल ही पैज फायद्याची होती, पण दोन फासे २४ वेळा टाकून एकदा तरी दोन्हीवर सहा पडतील ही पैज तोट्यात जायची. तिची शक्यता निघते ४९ टक्के. १६५४ साली पास्काल आणि फर्मा या दोघांमध्ये जुगारातल्या अशा प्रश्नांवर पत्रव्यवहार झाला आणि त्यातूनच संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला गेला.

भाचीला आता मजा यायला लागली होती. मलाही वाटलं, चला, मामाचं काम झालं.

रिपोर्ट

त्याच संध्याकाळी आत्याच्या फोनवर रिपोर्ट आला. दसऱ्याच्या सुमाराला तिच्या ओळखीच्या बायकांबरोबर ती एका तपासणी शिबिरात गेली होती. काही त्रास नव्हता, गाठ नव्हती. सगळ्या जणी चालल्या होत्या म्हणून हीही गेली. तिथे मॅमोग्राफी झाली होती. रिपोर्टमध्ये खाली लिहिलं होतं, की एका बाजूला संशयास्पद भाग दिसतो आहे, पुढील तपासणी करावी.

आत्या काही बोलली नाही. फोन उपडा ठेवून पणत्यांची वाती वळायला बसली. घरातला आवाजच बंद झाला. फोन केला तर कळलं, सोनोग्राफीचं सेंटर आता भाऊबीज झाल्यावरच उघडणार. म्हणजे लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज हे सगळं या टांगत्या तलवारीखाली काढायचं.

मी गच्चीवर जाऊन मोबाइलवर शोधायला लागलो. वाचता वाचता दिसलं, की ही तपासणी साधारण ९० टक्के रुग्ण पकडते. माझ्या पोटात गोळा आला. ९० टक्के अचूक तपासणी आणि ती संशय दाखवते आहे, म्हणजे ९० टक्के... पुढचा विचार मी केलाच नाही. खाली येऊन ताईला बाजूला घेतलं आणि तो आकडा सांगितला. तिचे डोळे भरून आले.

भाची मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "मामा, ९० टक्के कितीपैकी?"

मी गप्प.

"तू वाचलंस ते आजारी बायकांपैकी किती पकडल्या जातात ते. आपल्याला हवं ते वेगळं आहे. ज्यांना असा रिपोर्ट येतो, त्यांच्यापैकी खरंच आजारी किती?"

तिने वही आणली. अशाच एका आजाराच्या तपासणीचं गणित तिने क्लासमध्ये सोडवलं होतं, सूत्र भरून. या वेळी सूत्र न घेता तिने पानावर १००० बायका मांडल्या. आकडे अशा उदाहरणांत नेहमी घेतात ते घेतले: काही त्रास नसताना तपासणीला आलेल्या १०० बायकांपैकी १ आजारी, आजारी असलेल्यांपैकी ९० टक्के तपासणीत सापडतात आणि निरोगी असलेल्यांपैकी ९ टक्क्यांना उगाचच संशयाचा रिपोर्ट येतो.

१००० पैकी १० आजारी. त्यांतल्या ९ जणींना संशयाचा रिपोर्ट, १ सुटते.
१००० पैकी ९९० निरोगी. त्यांतल्या साधारण ८९ जणींनाही संशयाचा रिपोर्ट, बाकी ९०१ जणींचा रिपोर्ट स्वच्छ.

म्हणजे संशयाचा रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या बायका एकूण ९८. त्यांपैकी खरंच आजारी ९. शंभरात साधारण नऊ. नव्वद नव्हे, नऊ.

मी तो हिशेब पुन्हा करून पाहिला. बरोबर होता. दोन दिवस जे मी तिला शिकवत होतो, तेच स्वतःवर वेळ आली तेव्हा विसरलो होतो. 'आजारी असलेल्यांपैकी पॉझिटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह असलेल्यांपैकी आजारी' हे ऐकायला सारखं वाटतं, पण छेद पार वेगळे आहेत. रात्री सराफ्यात खायला आलेले बहुतेक लोक इंदूरचे असतात. म्हणून इंदूरचे बहुतेक लोक आज रात्री सराफ्यात आहेत असं होतं का?

ही चूक करणारे आपण एकटे नाही, हे मला पुढे वाचताना कळलं. गेर्ड गिगेरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने नेमक्या याच आकड्यांचा प्रश्न १६० स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारला होता. बरोबर उत्तर दिलं फक्त २१ टक्के डॉक्टरांनी. मग त्यांना टक्केवारी सोडून माणसं मोजायला शिकवलं, जशी भाचीने मोजली, तेव्हा ८७ टक्के डॉक्टरांचं उत्तर बरोबर आलं. गणित तेच होतं, फक्त मांडणी बदलली.

पुस्तकात याच हिशेबाला बेजचा सिद्धांत म्हणतात. थॉमस बेज हे इंग्लंडमधले धर्मोपदेशक. त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १७६३ साली प्रसिद्ध झाला. सूत्र लांबलचक दिसतं, पण वहीच्या पानावरच्या त्या १००० बायकांपलीकडे त्यात काही नाही.

आत्याचे प्रश्न

वही घेऊन आम्ही आत्याकडे गेलो. तिने चष्मा लावला, आकडे तपासले आणि बँकेतल्यासारखे प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न: "एवढ्या जणींना उगाच घाबरवायचं, तर मग ही तपासणी करायचीच कशाला?"

भाचीने हिशेबातच दाखवलं. तपासणीआधी १०० पैकी १ अशी शक्यता होती. संशयाचा रिपोर्ट आलेल्यांत ती १०० पैकी ९ झाली. आणि ज्यांचा रिपोर्ट स्वच्छ आला त्या ९०२ जणींत आजारी फक्त १. म्हणजे ही तपासणी निकाल देत नाही, ती चाळणी आहे. कोणाकडे नीट बघायला हवं ते ती सांगते.

दुसरा प्रश्न: "मग पुढची तपासणी नाही केली तर चालेल?"

इथे मात्र आम्ही दोघंही एकदम "नाही" म्हणालो. शंभरात नऊ म्हणजे शून्य नव्हे. आणि समजा, पहिल्यासारखीच अचूक पण स्वतंत्र अशी दुसरी तपासणी या ९८ जणींची केली, तर ९ आजारी बायकांपैकी साधारण ८ आणि ८९ निरोगी बायकांपैकीही साधारण ८ जणींना पुन्हा संशयाचा रिपोर्ट येईल. म्हणजे दोन्ही वेळा संशय आला तर शक्यता थेट निम्म्यावर जाते. दुसऱ्या तपासणीचं महत्त्व ते हे.

तिसरा प्रश्न तिने जरा थांबून विचारला: "आणि मला गाठ लागली असती तर?"

तर हा हिशेब चाललाच नसता. १०० पैकी १ हा आकडा काही त्रास नसलेल्या बायकांचा आहे. गाठ किंवा दुसरं काही लक्षण असेल तर सुरुवातीचाच आकडा बदलतो आणि मग शेवटचाही बदलतो. शिवाय वय, घरातला इतिहास, यंत्र, रिपोर्ट वाचणारी व्यक्ती यांनीही आकडे बदलतात. म्हणून खरा हिशेब डॉक्टरांबरोबरच करायचा. आमचा कागद चार दिवस काढण्यापुरता होता.

आणि ते चार दिवस निघाले. काळजी संपली नव्हती, पण ९० टक्क्यांची काळजी आणि ९ टक्क्यांची काळजी यांत फरक असतो. आत्याने लक्ष्मीपूजनाला नेहमीसारखी रांगोळी काढली, भाऊबीजेला माझ्या बाबांना ओवाळलं आणि त्यांना सांगितलं, "अठ्ठ्याण्णव जणींतल्या एकोणनव्वदांत आहे रे मी, बघ तू."

भाऊबीजेनंतर सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, पाण्याची साधी गाठ आहे, काळजीचं कारण नाही. घरात पुन्हा आवाज सुरू झाला.

भाची म्हणाली, "बघ मामा, माझं उत्तर बरोबर आलं." मी तिला म्हटलं, उत्तर त्या संध्याकाळीच बरोबर होतं. आत्या त्या नऊ जणींत निघाली असती, तरी ते बरोबरच असतं. आत्या कोणत्या बाजूला आहे हे हिशेबाला ठाऊक नव्हतं, ते सोनोग्राफीनेच सांगितलं. काय होणार हे संभाव्यता सांगत नाही. जेवढं कळलं आहे तेवढ्यावर किती घाबरायचं आणि पुढे काय करायचं, ते ती सांगते.

परीक्षेला बसणाऱ्यांसाठी

निघताना भाचीच्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही दोघांनी मिळून पाच गोष्टी लिहिल्या. आपल्यातल्या बाकी मुलामुलींनाही त्या उपयोगी पडतील.

१. सूत्र शोधायच्या आधी विचारा: कितीपैकी किती? आधी छेद ठरवा, मग अंश.

२. शक्यता कमी असतील तर सगळ्या लिहून काढा, आणि त्या सारख्या वजनाच्या आहेत का ते बघा. दालांबेर तिथेच चुकला.

३. 'किमान एक', 'एकदा तरी' दिसलं की उलट बाजूने जाऊन एकातून वजा करा.

४. 'इंडिपेंडंट' आणि 'म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह' यांची गल्लत करू नका. एकाच नाण्यावर छापा आणि काटा एकदम पडत नाहीत, म्हणून ते एक्सक्लुझिव्ह. छापा पडला हे कळताच काटा नाही हे नक्की होतं, म्हणजे ते इंडिपेंडंट मुळीच नाहीत. दोन वेगळ्या नाण्यांचं तसं नसतं. एकाचा निकाल कळून दुसऱ्याबद्दल काहीच कळत नाही.

५. टक्केवारीने गोंधळ झाला तर १००० माणसं घ्या आणि मोजा. उत्तर शून्यापेक्षा कमी किंवा एकापेक्षा जास्त आलं तर पहिल्यापासून बघा.

भाचीने तो धडा सोडला नाही. आणि आत्याने ठरवलं आहे, की पुढच्या तपासणीची तारीख चुकवायची नाही. फक्त रिपोर्ट आला की तो आधी भाचीला पाठवायचा, मामाला नाही.